तेलकट जुना टर्बो: धुण्याआधी नीट पाहा, या चुका टाळा

वापरलेला टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा ढकलणारे यंत्र) हातात येतो तेव्हा बहुधा तेल, काजळी आणि धुळीच्या काळ्या थराने माखलेला असतो. तो लगेच रॉकेलच्या डब्यात बुडवावासा वाटतो आणि पुढच्या बहुतेक चुकांची सुरुवात तिथूनच होते. तेल कुठे साचले आहे आणि कुठे नाही, यावरून दोष टर्बोत आहे की इंजिनात हे कळते. ते धुऊन टाकले की मग फक्त अंदाज उरतो.

चूक पहिली: तपासणीआधीच धुणे

आधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा. मग बॅटरी लावून चार जागा पाहा (कॉम्प्रेसर म्हणजे हवा ढकलणारी बाजू, टर्बाइन म्हणजे एक्झॉस्टने फिरणारी बाजू, हाउसिंग म्हणजे त्यांचे कवच, व्हील म्हणजे आतले पात्यांचे चाक): कॉम्प्रेसरचे तोंड (एअर फिल्टरकडून हवा येते ते), कॉम्प्रेसर व्हीलची मागची बाजू, टर्बाइन हाउसिंगचे मॅनिफोल्डकडचे तोंड (इंजिनातून एक्झॉस्ट येतो ते) आणि टर्बाइन व्हीलची मागची बाजू. मागच्या बाजू हाउसिंग काढल्यावरच नीट दिसतात, म्हणून धुणे तोपर्यंत थांबवा.

कॉम्प्रेसरच्या तोंडापासूनच तेल असेल, तर ते टर्बोच्या आधीच हवेत मिसळले आहे. क्रँककेसच्या ब्रीदरची नळी (इंजिनाच्या खालच्या पोकळीतले वायू बाहेर सोडणारी) याच वाटेवर जोडलेली असते, त्यामुळे इथला पातळ ओलावा नेहमीचा आहे. तोंड कोरडे आणि व्हीलच्या मागे, बाहेर जाणाऱ्या वाटेवर मात्र दाट तेल असेल, तर ते टर्बोच्या मधल्या भागातून (शाफ्ट आणि बेअरिंग असतात तिथून) आले.

टर्बाइनकडेही हाच हिशोब. मॅनिफोल्डकडचे तोंड ओले असेल तर तेल इंजिनातून येते आहे: रिंग, व्हॉल्व्ह गाइड किंवा व्हॉल्व्ह सील तपासा. तोंड कोरड्या काजळीचे आणि व्हीलच्या मागे ओला, चिकट थर असेल तर तेल टर्बोच्या मधल्या भागातून आले.

चूक दुसरी: 'सील गेले' म्हणून मोकळे होणे

टर्बोच्या शाफ्टवर (दोन्ही व्हील जोडणाऱ्या दांड्यावर) क्रँकशाफ्टसारखे रबरी ऑइल सील नसते. बहुतेक टर्बोंमध्ये तिथे पिस्टन रिंगसारखी बारीक धातूची कडी असते. तिचे मुख्य काम बाहेरच्या हवेचा आणि वायूचा दाब आत येऊ न देणे. तेल आत राहते ते दाबाच्या फरकामुळे आणि ते खाली पटकन वाहून गेल्यामुळे. म्हणून टर्बो पूर्ण ठीक असूनही तेल गळू शकते. कारणे अशी: ऑइल परतीची नळी आतून कार्बनने अरुंद झालेली, वाकलेली किंवा पिचलेली, क्रँककेसचा ब्रीदर तुंबलेला, इंजिनात तेल जास्त भरलेले, एअर फिल्टर गच्च भरल्याने कॉम्प्रेसरच्या तोंडाशी निर्वात तयार झालेला. परतीच्या नळीत तेल फक्त गुरुत्वाकर्षणाने वाहते. ती शक्यतो सरळ खाली जावी, उभ्या रेषेपासून सुमारे ३५ अंशांपलीकडे झुकू नये. टर्बो काढून टेबलावर आडवा किंवा उलटा ठेवला तरी उरलेले तेल कडीवरून ओघळते. हा दोष नव्हे.

ही कारणे न शोधता नवीन टर्बो बसवला, तर तोही काही दिवसांत तेल टाकतो.

चूक तिसरी: खुणा न करता उघडणे

कॉम्प्रेसर हाउसिंग, मधला भाग आणि टर्बाइन हाउसिंग एकमेकांच्या कोणत्या कोनात आहेत हे रेघ ओढून किंवा पंचाने टिपून ठेवा. हा कोन चुकला तर नळ्या जुळत नाहीत. हाउसिंग अडकले असेल तर भेदक (गंजात झिरपणारे) तेल टाकून काही तास थांबा आणि रबरी हातोडीने कडेने हलके ठोका. स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नका: व्हीलचे पाते वाकले की टर्बो गेला. व्हील शाफ्टवर घट्ट करणारा नट मात्र अजिबात उघडू नका. बऱ्याच टर्बोंमध्ये त्याचे आटे उलटे असतात, आणि सरळ असले तरी व्हील, नट आणि शाफ्ट यांचे बॅलन्सिंग एकत्र झालेले असते. शाफ्ट लाखाहून अधिक फेरे प्रतिमिनिट फिरतो, छोट्या टर्बोत तर दोन लाखांच्या पुढे. नटाची जागा थोडी सरकली तरी बेअरिंग टिकत नाही.

चूक चौथी: सगळ्या धातूंना एकच औषध

कॉम्प्रेसर व्हील आणि त्याचे हाउसिंग सहसा ॲल्युमिनियमचे, टर्बाइन व्हील निकेलच्या मिश्रधातूचे आणि टर्बाइन हाउसिंग ओतीव लोखंडाचे असते. कॉस्टिक सोडा असलेले डिग्रीझर किंवा ओव्हन क्लीनर काजळी छान काढतात, पण ॲल्युमिनियम खातात. पृष्ठभाग काळवंडतो, त्यावर खड्डे पडतात आणि पातळ पात्यांच्या कडा झिजतात. म्हणून ॲल्युमिनियमचे भाग रॉकेल किंवा तटस्थ डिग्रीझरमध्ये भिजवा, मऊ नायलॉन ब्रशने घासा आणि गरम साबणाच्या पाण्याने धुऊन लगेच वाळवा. ओतीव लोखंडाचे रिकामे हाउसिंग तारेच्या ब्रशने घासायला हरकत नाही. व्हीलवर तारेचा ब्रश, सँडपेपर किंवा खरवडणी कधीच नको.

वाळूचा किंवा काचेच्या मण्यांचा मारा रिकाम्या हाउसिंगपुरताच ठेवा. एकही मणी ऑइलच्या वाटेत राहिला तर थेट बेअरिंगमध्ये जातो. क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनर फवारलेला भाग तापवू नका आणि त्याच्या आसपास वेल्डिंग करू नका, कारण उष्णतेने त्यातून विषारी वायू तयार होतो. पेट्रोलने धुणे आगीच्या दृष्टीने धोक्याचे आहेच. हातात नायट्राइलचे मोजे आणि डोळ्यांवर चष्मा असू द्या.

चूक पाचवी: मधला भाग आख्खा बुडवणे

मधल्या भागाला कार्ट्रिज म्हणतात. त्याची ऑइलची आत येणारी आणि बाहेर जाणारी भोके बुजवा आणि फक्त बाहेरून पुसा. आत पाहायचे असेल तर परतीच्या भोकातून बॅटरीचा प्रकाश टाका. तिथे कोळशासारखा कडक थर दिसला, तर तो भिजवून सोडवण्याचा मोह टाळा. सैल झालेला प्रत्येक तुकडा बेअरिंगच्या बारीक भोकांकडे जाऊ शकतो. असा कार्ट्रिज पूर्ण उघडून साफ करून पुन्हा बॅलन्स करावा लागतो, आणि ते काम त्याचे यंत्र असलेल्याकडेच सोपवावे.

चूक सहावी: कॉम्प्रेस्ड हवेने व्हील फिरवणे

फिरतो की नाही पाहायला अनेक जण हवेची बंदूक पात्यांवर धरतात. बेअरिंगमध्ये तेलाचा दाब नसताना शाफ्ट क्षणात प्रचंड वेगाने फिरतो आणि बेअरिंग कोरडे घासते. वाळवण्यासाठी हवा मारायची तर व्हील बोटाने घट्ट धरा आणि दाब कमी ठेवा.

चूक सातवी: ढिलाई पाहून टर्बो फेकणे, किंवा न पाहता बसवणे

शाफ्ट वर-खाली हलला की लोक घाबरतात. साध्या बेअरिंगचा शाफ्ट चालू असताना तेलाच्या पातळ थरावर तरंगतो, म्हणून कोरड्या अवस्थेत तो थोडा हलणारच. दोन्ही व्हील एकाच दिशेला दाबून हळू फिरवा, मग उलट दिशेला दाबून फिरवा. पाते हाउसिंगला कुठेही घासता कामा नये. हाउसिंगच्या आत चमकदार पट्टा किंवा व्हीलच्या कडेवर घासल्याची खूण असेल, तर बेअरिंग झिजले आहे.

पुढे-मागे होणारी ढिलाई अधिक गंभीर. डायल गेज शाफ्टच्या टोकाला लावून शाफ्ट हलवा. बऱ्याच छोट्या-मध्यम टर्बोंमध्ये हे माप साधारण ०.०३ ते ०.१० मिमी असते. तुमच्या मॉडेलची मर्यादा उत्पादकाच्या पुस्तिकेतलीच घ्या. गेजशिवाय, नुसत्या हाताला स्पष्ट 'टक' जाणवला, तर थ्रस्ट बेअरिंग (शाफ्टला पुढे-मागे सरकू न देणारे) बहुधा संपले आहे.

व्हील भिंगाखाली पाहा. कॉम्प्रेसरच्या पात्यांची पुढची कड सुरीसारखी पातळ झाली असेल, तर फिल्टरमधून धूळ जात होती. कडा चावल्यासारख्या तुटल्या असतील, तर नट, वायसर किंवा तसलेच काही आत गेले. टर्बाइनची पाती तुटलेली असतील, तर तो तुकडा इंजिनातून आला का ते आधी शोधा. दिसणारा शाफ्ट निळसर झाला असेल, तर तेल कमी पडले किंवा तापलेले इंजिन एकदम बंद केले जात होते.

टर्बाइन हाउसिंगमध्ये वेस्टगेटच्या (जादा एक्झॉस्ट बाजूने सोडणाऱ्या झडपेच्या) बैठकीभोवती तडे सापडतात. शंका आली तर पूर्ण कोरड्या पृष्ठभागावर लाल पेनेट्रंट (तड्यात शिरणारे रंगीत द्रव) लावा, साधारण दहा मिनिटे ठेवून पुसा आणि मग तो रंग बाहेर ओढून तडा दाखवणारा पांढरा डेव्हलपर फवारा. बाहेरपर्यंत गेलेला, फ्लँजमधला किंवा तुकडा सुटेल असा तडा असेल, तर ते हाउसिंग वापरू नका.

व्हेरिएबल टर्बोतील खास चूक

सरकत्या पात्यांचा टर्बो काजळीने अडकतो. ॲक्च्युएटरचा (पाती हलवणाऱ्या डब्याचा) दांडा काढून लिव्हर हाताने पूर्ण टोकापासून टोकापर्यंत फिरवा. मधे कुठेही अडकता कामा नये. तिथला मर्यादा ठरवणारा स्क्रू, विशेषतः रंगाने सील केलेला, हलवू नका. ते माप फ्लो बेंचवर (हवेचा प्रवाह मोजणाऱ्या यंत्रावर) जुळवलेले असते आणि अंदाजाने परत मिळत नाही. इलेक्ट्रॉनिक ॲक्च्युएटर कोणत्याही द्रवात बुडवू नका. व्हॅक्यूमचा ॲक्च्युएटर हातपंपाने ओढून तसाच ठेवा: पंपावरचा काटा जागीच राहिला पाहिजे, खाली आला तर पडदा फाटला आहे. दाबावर चालणारा ॲक्च्युएटर रेग्युलेटर लावूनच तपासा, गॅरेजमधल्या हवेच्या कॉम्प्रेसरचा पूर्ण दाब थेट देऊ नका.

बसवताना होणाऱ्या चुका

ऑइलच्या फ्लँजला गॅस्केटऐवजी सिलिकॉन लावू नका. आतल्या बाजूला दबलेली त्याची कड तुटते आणि तेलाची वाट बंद करते. तांब्याचे वायसर आणि गॅस्केट नवीन घ्या. बँजो बोल्टमध्ये (ऑइलची नळी जोडणाऱ्या पोकळ बोल्टमध्ये) बारीक जाळी असेल तर ती काढून पाहा, कारण तिथेच तेल अडते. ऑइल आणणारी नळी आतून कार्बनची असेल तर बदला. इंटरकूलर (टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणारा) काढून उलटा करा आणि साचलेले तेल पूर्ण निथळू द्या: डिझेल इंजिन ते तेल खेचून किल्ली बंद केल्यावरही अनियंत्रित वेगाने धावू शकते.

शेवटी ऑइलच्या भोकातून स्वच्छ इंजिन ऑइल ओता, व्हील बोटाने दहा-बारा फेरे फिरवा आणि नळी जोडा. इंधन बंद ठेवून इंजिन दहा-पंधरा सेकंद स्टार्टरवर फिरवा, तेलाच्या दाबाचा दिवा विझेपर्यंत. मग सुरू करून काही मिनिटे एक्सिलरेटर न दाबता चालू ठेवा आणि प्रत्येक जोड बॅटरी लावून पाहा.