शेजाऱ्याने झाड तोडलं किंवा कुंड्या फोडल्या तर ठाणे-नवी मुंबईत काय करायचं

नेरूळ, ऐरोलीकडची सिडकोची रो-हाऊस घ्या नाहीतर नौपाड्यातले उरलेसुरले बंगले, भांडण ठरलेलं असतं: तुमच्या आंब्याची फांदी त्यांच्या गाडीवर येते, शेवग्याचा पाला त्यांच्या अंगणात पडतो. मग एक दिवस तुम्ही ऑफिसला असताना ते माणूस लावून झाड अर्धं छाटून टाकतात. अशा वेळी आपण आधी कंपाउंडवरून आरडाओरडा करतो, मग तणतणत पोलिस स्टेशनला जातो आणि एनसीचा (अदखलपात्र तक्रारीचा) कागद घेऊन घरी येतो. माझं म्हणणं, झाडाचा मामला असेल तर पहिला अर्ज महापालिकेच्या उद्यान विभागात द्या, पोलिसांकडे नंतर जा.

कारण महाराष्ट्रात शहरी भागासाठी 1975 चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा आहे, आणि त्यात वृक्ष प्राधिकरणाच्या (महापालिकेत झाडांचा निर्णय घेणाऱ्या समितीच्या) परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही, मग ते खासगी जागेत का असेना. तोडणं म्हणजे फक्त करवत चालवणं नाही बरं का, जाळणं किंवा कुठल्याही प्रकारे झाडाला इजा करणं पण त्यात धरलंय. म्हणजे रात्री गुपचूप बुंध्याला भोकं पाडून अ‍ॅसिड ओतणारेही यात येतात (हे प्रकार होतात, झाड दोनेक महिन्यांत वाळतं आणि वर शेजारी म्हणतो कीड लागली असेल). शिक्षेत दंड आहे आणि कैदही आहे. शिवाय हा गुन्हा फक्त तुमच्या मालमत्तेविरुद्ध राहत नाही, महापालिका त्यात पार्टी होते, हा मोठा फायदा. खारघर-कामोठेवाल्यांनी लक्षात ठेवा, तुमची महापालिका पनवेलची, नवी मुंबईची नाही, अर्ज चुकीच्या ऑफिसात गेला की तिथेच पडून राहतो.

अर्जाच्याही आधी पुरावा. झाडाचे तुकडे उचलू नका, माळ्यालाही उचलू देऊ नका. बुंध्याशी टेप धरून फोटो काढा, कापलेली जागा, पडलेल्या फांद्या, कंपाउंडची भिंत एकाच फ्रेममध्ये येईल असा व्हिडिओ घ्या, सीसीटीव्हीचं फुटेज लगेच कॉपी करा कारण बऱ्याच ठिकाणी जुनं आपोआप पुसलं जातं. मूळ फोन किंवा डीव्हीआर (सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग मशीन) जपून ठेवा, कोर्टात डिजिटल पुराव्याबरोबर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं सर्टिफिकेट लागतं. अर्जात जागेची पाहणी आणि पंचनामा करा अशी स्पष्ट मागणी लिहा आणि पोच घ्या. तोंडी तक्रारीला काही अर्थ नसतो.

आता शेजाऱ्याचं पण ऐकू. हद्दीच्या पलीकडे गेलेली फांदी त्रास देत असेल तर हद्दीपर्यंतच छाटायचा त्याचा हक्क सर्वसाधारणपणे मानला जातो, पण त्यासाठी तुमच्या जागेत शिरता येत नाही, बुंध्याला हात लावता येत नाही, आणि छाटणीची परवानगी घ्यायची भानगड त्यालाही चुकत नाही. म्हणून त्याने आधी तक्रार केली असेल तर तुम्हीच उद्यान विभागाकडून छाटणीची परवानगी काढा, निम्मी भांडणं तिथेच मिटतात. आणि रागाच्या भरात त्याची चिकूची फांदी तोडायला जाऊ नका, कायदा तुम्हालाही तोच आहे.

कुंड्या, तुळस, गुलाब, मिरच्या यांच्यासाठी मात्र मुख्य रस्ता पोलिसांचा. मुद्दाम नुकसान करणं म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम 324, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, नुकसान 20 हजार ते लाखाच्या आत असेल तर दोन वर्षांपर्यंत. म्हणून नर्सरीची बिलं असतील तर जोडा, नसतील तर तशाच झाडाचं कोटेशन घ्या. साध्या नुकसानीत पोलिस एनसीच घेतात आणि मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय तपास करत नाहीत, तरी एनसी घ्याच, पुढे दुसऱ्यांदा झालं तर कामाला येते. तुमच्या आवारात घुसून केलं असेल तर फौजदारीपात्र अतिक्रमण म्हणजे कलम 329 पण लिहायला सांगा.

फ्लॅटवाल्यांचं थोडं वेगळं. कंपाउंडमधली झाडं सोसायटीची असतात, आणि कमिटीने ठराव पास केला म्हणून परवानगीशिवाय ती तोडता येत नाहीत, तक्रार कुठलाही सभासद करू शकतो. पॅसेजमधल्या कुंड्यांबाबत फार ताणू नका, जागा सामायिक असते आणि आग लागली तर बाहेर पडायला वाट मोकळी लागते, तिथे तुमचीच बाजू लंगडी पडते.

पैसे भरून हवे असतील तर दिवाणी दावा, तुमच्या जागेत घुसून केलेल्या नुकसानीची भरपाई मागायला 3 वर्षांची मुदत असते. पुन्हा झाडाला हात लावू नये म्हणून मनाई हुकूम पण मागता येतो, आणि झाड अजून उभं असेल तर मी भरपाईपेक्षा आधी तोच मागेन. वकिलाची फी परवडत नसेल तर ठाण्यात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, महिलांना तिथे उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, आणि दावा दाखल करायच्या आधी शेजाऱ्याला समोर बसवून तडजोड करायची सोयही तिथेच आहे.