इटालियन आडनावाचं मूळ गाव कसं शोधायचं, एस्पोझितो हे एक आडनाव धरून सांगतो

२०२३ पासून आपल्याकडं गावोगाव जुन्या नोंदी शोधायचं काम चाललंय. मोडी वाचणारा कुठं मिळंल, उर्दू कोण वाचून देईल, खासरा पत्रक, शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा, गाव नमुना १४, हे शब्द आता बीड-जालन्याकडं टपरीवर पण ऐकू येतात. घराण्याचा माग कागदावरून काढायची सवय मराठवाड्याला चांगलीच लागलीय आणि तीच सवय दुसऱ्या देशातल्या आडनावाला जशीच्या तशी लागू पडते, म्हणून हे लिहायलोय. आपली पोरं तोरिनो-मिलानला शिकायला जातात, तिथं त्यांच्या वर्गात अर्जेंटिना, ब्राझीलहून आलेली इटालियन आडनावाची पोरं भेटतात, पणजोबाचं गाव शोधायलेली. आमच्या नात्यातल्या एका पोरानं मला फोन करून विचारलं की मामा, माझ्या रूममेटला काय सांगू, सुरुवात कुठून करू दे? त्याला जे सांगितलं ते इथं सविस्तर लिहितो.

एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की बसवा, आडनावाचा अर्थ कळला म्हणजे घराणं कळलं असं नसतं, आणि नेटवरचा रंगीत नकाशा बघितला म्हणजे गाव कळलं असं तर मुळीच नसतं. गाव फक्त कागद सांगतो. अर्थ आणि नकाशा कागदापर्यंत पोचायला मदत करतात, तेवढंच त्यांचं काम.

एस्पोझितो हे आडनाव मी मुद्दाम घेतलंय कारण इटलीतल्या सगळ्यात जास्त आढळणाऱ्या आडनावांत ते येतं, नेपल्समधे तर गल्लोगल्ली आहे, आणि त्याचा इतिहास वाचला की आतून हलायला होतं. नेपल्सला आनुंझियाता नावाची मोठी जुनी संस्था होती, चर्च, दवाखाना, अनाथाश्रम सगळं एकाच आवारात. तिच्या भिंतीत एक गोल फिरणारं लाकडी चाक बसवलेलं होतं. ज्या आईला बाळ सांभाळणं शक्य नाही ती बाहेरून बाळ त्यात ठेवायची, चाक फिरायचं, बाळ आत जायचं, आणि ठेवणारीचं तोंड आतल्याला दिसायचं नाही. आत रजिस्टर असायचं, बाळ किती वाजता आलं, अंगावर कपडे कसले, गळ्यात काय बांधलंय हे सगळं लिहून ठेवायचे, कारण काही आया अर्धं नाणं नाहीतर अर्धं पदक बाळासोबत ठेवायच्या, दुसरा अर्धा तुकडा स्वतःजवळ, म्हणजे पुढं कधी परत न्यायला आली तर ओळख पटावी. अशा बाळांना एस्पोझितो हे आडनाव लागायचं, उघड्यावर सोडलेलं या अर्थाचं. जन्मभर तो शिक्का राहायचा म्हणून १८१४ साली नेपल्सचा राजा जोआकिम मुरात यानं नव्या बाळांना हे आडनाव द्यायचं बंद करायला लावलं, चाक मात्र पुढं १८७५ पर्यंत फिरतच राहिलं. दुसऱ्या शहरांतपण अशीच पद्धत होती पण आडनावं वेगळी, मिलानला कोलंबो, फ्लॉरेन्सला इन्नोचेंती, सिएनाला देल्ला स्काला, रोमला प्रोयेत्ती.

आता यातून शोधणाऱ्यानं काय घ्यायचं? तर हे, की एस्पोझितो नावाचं एक घराणं कधीच नव्हतं. शेकडो वर्षं वेगवेगळ्या आयांची बाळं, त्यांना एकच आडनाव, आणि पुढं त्यांची लेकरं-नातवंडं तेच लावत गेली. सगळे देशमुख एकमेकांचे भाऊबंद नसतात हे आपल्याला लहानपणापासून माहीत असतं, इथं तर नातं धरायचा प्रश्नच येत नाही. जॅनकार्लो एस्पोझितो हा अमेरिकन नट १९५८ ला कोपनहेगनमधे जन्मला, त्याचे वडील नेपल्सचे. फिल एस्पोझितो हा आइस हॉकीतला मोठा खेळाडू १९४२ ला कॅनडात सू सेंट मरी गावात जन्मला. लाली एस्पोसितो (तिकडं उच्चार असा होतो) ही गायिका अर्जेंटिनातल्या ब्यूनस आयर्सची. आडनाव एकच आहे म्हणून तिघं एका घरातले, असं म्हणायला काहीच आधार नाही. आणि कुणी नेटवर तुमच्या मित्राच्या आडनावाचं राजचिन्ह, ढाल-बिल छापलेलं विकत असलं तर पैसे घालवू नका, चिन्ह एखाद्या ठराविक घराण्याला मिळायचं, आडनावाला नाही.

तर सुरुवात घरातून करायची. मित्राला सांगा आजी असली तर आधी तिच्यापाशी बसायचं, आणि प्रश्न गावाचा विचारायच्या आधी कागदाचा विचारायचा. जुना पासपोर्ट, लग्नाचा दाखला, चर्चमधल्या बाप्तिस्म्याचं सर्टिफिकेट, कबरीवरची पाटी, फोटोच्या मागं लिहिलेलं काही. जो माणूस पहिल्यांदा देश सोडून गेला त्याचं पूर्ण नाव, जन्माचं अंदाजे साल, बायकोचं नाव, आणि कोणत्या साली आला, एवढं मिळालं तरी लई झालं. "आम्ही नेपल्सचे" असं घरात सांगतात त्याच्यावर लगेच विश्वास ठेवू नका, बोट नेपल्सच्या बंदरातून सुटायची म्हणून आसपासच्या डोंगरातल्या गावचा माणूसपण परदेशात गेल्यावर नेपल्सचाच सांगायचा.

बायकांच्या बाबतीत एक फार कामाची गोष्ट आहे, इटलीत बाई लग्नानंतरपण सरकारी कागदावर माहेरचंच आडनाव लावते. त्याच्यामुळं पणजी बोटीच्या यादीत नवऱ्याच्या आडनावाखाली सापडत नाही, लोक महिनोन्‌महिने शोधत बसतात, आणि ती तिथंच माहेरच्या आडनावानं शांत बसलेली असते. तिच्याशेजारी लेकरं मात्र बापाच्या आडनावानं असतात. म्हणून पणजीचं माहेरचं आडनाव काढाच काढा.

स्पेलिंगचंपण बघावं लागतं. सुरुवातीचा ए गळून स्पोझितो झालेलं असतं, पुढं डी लागून देस्पोझितो असतं, बोलोन्याकडं देल्यी एस्पोस्ती असतं. आणि अर्जेंटिनावाल्यांसाठी खास सांगतो, एस्पोसितो आणि एक्सपोसितो यांत घोळ करू नका. स्पेनमधेपण अनाथ बाळांना हेच आडनाव द्यायची पद्धत होती, तिथं ते एक्स अक्षर घालून लिहितात. अर्जेंटिनात स्पेनहूनही लोक आले आणि इटलीहूनही, आणि कारकुनानं एक्स घातला का एस यावर पूर्ण भरवसा ठेवता येत नाही. त्याच्यामुळं आधी माणूस कोणत्या देशातून आला ते कागदावर बघा आणि मगच इटलीच्या रजिस्टरांकडं वळा, नाहीतर चुकीच्या देशात वर्ष जाईल.

नकाशाचं आता. कॉग्नोमिक्स नावाची साइट आहे, त्यात आडनाव टाकलं की इटलीत कोणत्या प्रांतात, जिल्ह्यात किती ते दिसतं, आणि फोअरबेअर्सवर जगभरचं दिसतं. एस्पोझितो टाकलं की कांपानिया भाग, म्हणजे नेपल्स आणि आजूबाजू, गडद दिसतो, ते बरोबरच आहे. पण तोरिनो-मिलानकडंपण भरपूर दिसतील, तिथं थांबा जरा. १९५० आणि ६० च्या दशकात दक्षिणेतली लाखो माणसं उत्तरेतल्या कारखान्यांत कामाला गेली, तोरिनोत फियाट होतं, ते लोक तिथंच राहिले. म्हणजे नकाशा आज माणसं कुठं राहतात ते सांगतो, पणजोबा १९०० ला कुठं होता ते नाही. बाहेरच्या देशांचं बघताना नुसता आकडा बघू नका, दर दहा हजार लोकांमागं किती ते बघा, कारण अमेरिका एवढी मोठी की तिथं कोणतंही इटालियन आडनाव ढीगभर निघतं. एस्पोझितोसारख्या आडनावाला नकाशा तसा कमीच कामाचा. आडनाव दुर्मिळ असलं, एकाच डोंगरातल्या चार गावांत असणारं, तर मात्र नकाशाच निम्मं काम करून देतो.

कोण कुठं गेलं याचा अंदाज असला की शोध लवकर आटोक्यात येतो. १८७६ ते १९१५ एवढ्या काळात साधारण १ कोटी ४० लाख लोकांनी इटली सोडली, एकट्या १९१३ सालात ८ लाख ७० हजारांच्या वर. ब्राझीलनं १८८८ ला गुलामगिरी बंद केली आणि कॉफीच्या मळ्यांना मजूर पाहिजे होते, तिकडं उत्तरेतल्या व्हेनेतो भागातली घरंच्या घरं गेली. अर्जेंटिनात आधी जेनोवाकडचे, नंतर दक्षिणेतलेपण. अमेरिकेत जास्त करून दक्षिणेतले, नेपल्स, कालाब्रिया, सिसिली. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४६ ला बेल्जियमशी करार झाला, इटलीनं माणसं द्यायची आणि बेल्जियमनं कोळसा, १९५६ ला मार्सिनेलच्या खाणीत आग लागून २६२ माणसं गेली त्यातली १३६ इटालियन होती. जर्मनीशी १९५५ ला करार झाला. म्हणून कुणाचं आडनाव बेल्जियममधे सापडलं तर १९४६ नंतरचे कागद आधी बघा, साओ पावलोत सापडलं तर १८९० च्या आसपासचे.

आणि माणसं एकेकटी जात नव्हती. आपल्याकडं ऊसतोडीला जसं मुकादम उचल देऊन एका गावच्या कोयत्यांची टोळी एकाच कारखान्यावर नेतो तसंच तिकडं पाद्रोने म्हणून असायचा, अमेरिकेतल्या कामावर गावचे मजूर पुरवणारा. आधी एक जायचा, मग भाऊ, मेव्हणा, शेजारी. शोधणाऱ्याला याचा लई मोठा फायदा असा की पणजोबाचा कागद मिळत नसला तर त्याच गल्लीत राहणाऱ्या, त्याच्या लग्नात साक्षीदार असणाऱ्या माणसाचा कागद काढायचा, बऱ्याचदा गाव तेच निघतं.

बोटीच्या याद्या फुकट बघायला मिळतात. न्यूयॉर्कचं एलिस आयलंड, म्हणजे बोटीनं आलेल्या परदेशी लोकांची तपासणी करायचं ठाणं, १८९२ ते १९५४ चालू होतं, १ कोटी २० लाखांवर लोक तिथून गेले, त्याचा डेटाबेस ऑनलाइन आहे, फॅमिलीसर्च या घराण्यांच्या नोंदींच्या साइटवर अकाउंट काढलं तर तिथंही बघता येतं. १९०७ पासूनच्या याद्यांत मागं राहिलेल्या जवळच्या नातेवाइकाचं नाव-पत्ता आणि जन्मगाव लिहिलेलं असतं, ते सोनंच समजा. पुढच्या रकान्यात कुणाकडं चाललाय तेपण असतं. एक गैरसमज सगळीकडं पसरलाय की एलिस आयलंडच्या कारकुनानं आडनावं बदलली. तिथले कारकून निघतानाच्या बंदरावर बोट कंपनीनं तयार केलेली यादी घेऊन नावं तपासायचे, नवीन नाव लिहायचे नाहीत. आडनावं बदलली ती नंतर, शाळेत, कामावर, नागरिकत्वाच्या अर्जात. त्याच्यामुळं यादीत मूळ इटालियन स्पेलिंगनंच शोधा.

अर्जेंटिनासाठी ब्यूनस आयर्सच्या सेम्ला या संस्थेचा प्रवाशांचा डेटाबेस आहे, आणि १८६९ आणि १८९५ ची जनगणना फॅमिलीसर्चवर नावानं शोधता येते. ब्राझीलसाठी साओ पावलोच्या ब्रास भागातल्या इमिग्रंट वसतिगृहाची रजिस्टरं बघा, ते १८८७ ला सुरू झालं. पण गाव मिळायची खरी शक्यता चर्चमधल्या लग्नाच्या नोंदीत जास्त.

गावाचं नाव हातात आलं की मग आंतेनाती पोर्टल उघडायचं. इटलीच्या सरकारी अभिलेखागारांनी जन्म, लग्न, मृत्यूची जुनी रजिस्टरं स्कॅन करून तिथं फुकट टाकलीत. सगळ्या रजिस्टरांत नावानं सर्च होत नाही, म्हणून गाव आणि साल दोन्ही लागतात. नेपल्सकडच्या भागात सरकारी नोंदी १८०९ पासून आहेत, सिसिलीत १८२० पासून, बऱ्याचशा उत्तरेत सलग नोंदी थेट १८६६ नंतर. त्याच्या मागं जायचं तर गावच्या चर्चची रजिस्टरं. प्रत्येक सालाच्या रजिस्टराच्या शेवटी नावांची यादी असते, आधी ती उघडा, पानं उगं एकेक उलटत बसू नका. बापाच्या नावाआधी "फू" लिहिलं असलं तर तो तेव्हा वारलेला होता, "दी" असलं तर जिवंत, एवढ्यावरून मृत्यूची नोंद कोणत्या वर्षांत शोधायची ते ठरतं. आणि लग्नाची नुसती नोंद बघून बंद करू नका, तिच्यासोबतच्या जोडकागदांना "आल्लेगाती" म्हणतात, त्यात नवरा-नवरीचे जन्माचे उतारे, बाप वारला असला तर त्याचा मृत्यूचा दाखला, कधी कधी आजोबाचापण असतो. एका लग्नात तीन पिढ्या मिळतात.

एस्पोझितोच्या शोधात कधीतरी आई-बाप अज्ञात असं लिहिलेली नोंद समोर येऊ शकते. तिथून मागं बहुतेक वेळा रस्ता नसतो. तेव्हा मित्राला अंदाजानं कुणाचं तरी नाव जोडून देऊ नका, हात जोडून सांगतो. त्या बाळाला कुणी वाढवलं, दाई कोण होती, कोणत्या गावात गेलं, लग्न कुणाशी झालं, हे बऱ्याचदा सापडतं, आणि तो त्या घराचा खराखुरा इतिहास आहे, तो पूर्ण लिहून द्या.

शेवटी सही-शिक्क्याचा उतारा लागला तर त्या गावच्या कोमुने, म्हणजे नगरपालिकेच्या, ऑफिसला इटालियनमधे छोटा ईमेल लिहायचा, नाव, जन्मतारीख किंवा साल, आई-बापाची नावं, आणि आई-बापाच्या नावासहित जन्माचा उतारा पाहिजे असं स्पष्ट. तीन ओळींत लिहा, एका मेलमधे एकच माणूस, आंतेनातीवर नोंद सापडली असली तर तिचा नंबर आणि साल टाका म्हणजे तिथल्या कारकुनाला रजिस्टर शोधावं लागत नाही. उत्तराला महिने लागू शकतात. नागरिकत्वासाठी हे सगळं चाललं असंल तर २०२५ साली इटलीनं कायदा बदलला, आई-बाप किंवा आजी-आजोबा यांच्या पलीकडच्या पूर्वजावरून आता सरसकट मिळत नाही, म्हणून पणजोबावाल्यानं कागदांवर खर्च करायच्या आधी तेवढी चौकशी दूतावासात करून घ्यावी.