वस्तीत पालक-बालक केंद्र सुरू करताय? या चुका टाळा

आमच्या केंद्राच्या उद्घाटनाला ऐंशीएक बाया आल्या होत्या. नारळ फुटला, पेढे वाटले, पाहुण्यांनी सुजाण पालकत्वावर पाऊण तास भाषण केलं. पुढच्या मंगळवारी आल्या चौघी. त्याच्या पुढच्या मंगळवारी दोघी, आणि त्यातली एक रेशनकार्डाचं काम इथे होतं का एवढंच विचारायला आली होती.

पुण्यातली डोंगरउतारावरची वस्ती. बायका सोसायट्यांमध्ये धुणीभांडी नाहीतर पोळ्या करतात, पुरुष रंगकामाला, बिगारीला, रिक्षावर. पालक-बालक केंद्र म्हणजे घरच्या मोठ्यांनी लहान मुलांना घेऊन यायची, त्यांच्याशी खेळायची-बोलायची जागा. आमचं केंद्र म्हणजे दहा बाय बाराची एक खोली, एक सतरंजी आणि खेळण्यांची दोन खोकी. नंतरच्या वर्षांत अशी आणखी काही केंद्रं सुरू होताना मी जवळून पाहिली आणि जवळजवळ प्रत्येकाने आमच्याच चुका पुन्हा केल्या. म्हणून हे लिहिते आहे. आज आलेली आई पुढच्या आठवड्यात कुणी न बोलावता परत येते का, हे एवढं बघत राहा. बाकीचं सगळं त्यावर उभं आहे.

शिकवायला बसणं

सगळ्यात मोठी चूक ही, आणि ती चांगल्या मनाने होते. आपण फळा आणतो, तक्ता लावतो, "मुलांना मोबाइल देऊ नका" असं सांगतो. समोर बसलेली बाई पहाटे पाचला उठून नळावर उभी राहिलेली असते, चार घरची भांडी घासून आलेली असते. एका खोलीत स्वयंपाक चालू असताना दोन वर्षांचं पोर पेटत्या शेगडीकडे जाऊ नये म्हणून तिने त्याच्या हातात मोबाइल दिलेला असतो. मोबाइल वाईट हे तिला ठाऊक आहे. तिच्याजवळ नाहीत ते म्हणजे वीस मिनिटं, पोराला बघणारं दुसरं माणूस आणि पुरती झोप. आपल्या भाषणातून तिला एवढंच कळतं की मी वाईट आई आहे. हे ऐकायला कोण परत येईल?

आमचं वळण बदललं ते एका आजींमुळे. त्या नातवाला कडेवर घेऊन उंबऱ्यात उभ्या राहायच्या, एक चप्पल पायात, एक बाहेर. "आत या की आजी" म्हटलं की म्हणायच्या, "नको गं बाई, मेथी निवडायचीय." एक दिवस मी म्हटलं, इथेच आणा मेथी. त्या परात आणि दोन जुड्या घेऊन आल्या. आजी पानं खुडत होत्या आणि नातू देठ उचलून सतरंजीच्या रेघेवर एकापुढे एक लावत होता. "लांब कुठलं रे?" आजींनी विचारलं. त्याने एक देठ उचलून दाखवला. "त्याच्याहून लांब?" त्याने दुसरा उचलला. हा खेळ पंधरा मिनिटं चालला. शेजारच्या दोघी बघत होत्या, त्या दुसऱ्या दिवशी गवार घेऊन आल्या.

तेव्हापासून घरचं काम केंद्रात आणायला आमच्याकडे मुभा आहे. शेंगा सोला, फॉल-बिडिंग करा, पोरांना शेजारी बसवा. आमची ताई, म्हणजे केंद्रातली कार्यकर्ती, मधे बसते आणि जे चाललंय त्यातच बोलण्याचा, मोजण्याचा, गोष्टीचा धागा काढून देते. तेच घरी जातं, कारण मेथी घरीही असते. एक सावधगिरी मात्र घ्या: तीन वर्षांखालच्या मुलांच्या हातात शेंगदाणे, चणे, राजमा, मणी देऊ नका. घशात अडकतात, नाकात जातात. आमच्याकडे अशा वस्तूंचा डबा वरच्या फळीवर असतो.

चुकीची वेळ, चुकीची पाटी

सकाळी अकरा ते एक ही वेळ कार्यकर्त्यांच्या सोयीची असते. त्या वेळी वस्तीतल्या निम्म्या बायका कामावर असतात. वेळ ठरवण्याआधी पंधरा दिवस नुसतं बघा: पाणी कधी येतं, कामाच्या बाया कधी परततात, शाळा कधी सुटते. आमच्याकडे दुपारी अडीच ते साडेचार हा मोकळा तुकडा निघाला, आणि ज्या गल्लीत एक दिवसाआड पाणी येतं तिथे पाण्याचा दिवस सोडून.

जागेचंही तसंच. मंडळाच्या हॉलमध्ये फुकट जागा मिळते, पण गणपतीत महिनाभर आणि निवडणुकीत त्याहून जास्त दिवस ती हातातून जाते. शिवाय हॉलच्या कट्ट्यावर पोरं टवाळक्या करत बसत असतील तर सुना तिकडे फिरकत नाहीत. छोटी खोली, गल्लीच्या तोंडाशी, अकरा महिन्यांच्या लेखी कराराने घेतलेली, ही फुकटच्या हॉलपेक्षा स्वस्त पडते.

पाटीवर आम्ही हौसेने "कुटुंब समुपदेशन" असं लिहिलं होतं. चार महिन्यांनी एकीने कानात सांगितलं, "ताई, इथं आलं की शेजारीण विचारते, घरात काय झालं?" पाटी काढली. आता फक्त मुलांनी काढलेली चित्रं आहेत. पोराला खेळायला घेऊन आले, हे प्रत्येकीला उघडपणे सांगता येतं. मनातलं त्या मागाहून बोलतात.

अंगणवाडीशी स्पर्धा

ही चूक करून आम्ही एक वर्ष वाया घालवलं. आमचं केंद्र सकाळी उघडायचं आणि खाऊ वाटायचं. शेजारच्या अंगणवाडीतली हजेरी घसरली. सेविकाताईंना रोजची हजेरी ॲपवर भरावी लागते, ती कमी दिसली की वरून विचारणा त्यांना होते. त्या आमच्यावर रागावल्या आणि ते बरोबरच होतं. वस्तीतलं प्रत्येक बाळंतपण, प्रत्येक कमी वजनाचं मूल त्यांना पाठ असतं. त्या दुरावल्या की आपण आंधळे होतो.

पालकांनी मुलांना आणावं म्हणून वाट बघत बसण्यापेक्षा आपणच त्यांच्या दारी जावं, ही गोष्ट आपल्याकडे फार आधी उमगलेली आहे. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली डहाणूजवळच्या बोर्डीला काम सुरू केलं. वाड्या-पाड्यांवरची मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तिथला. पुढे जवळच्याच कोसबाडला गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा भरली, म्हणजे मूल जिथे आहे तिथे शाळा. २ ऑक्टोबर १९७५ ला सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना आली आणि अंगणवाडी देशभर झाली.

मग आपल्याला काय उरतं? पुष्कळ. अंगणवाडीत तीन ते सहा वर्षांची मुलं बसतात. तीन वर्षांखालच्यांचा आहार घरी जातो, पण त्या मुलांशी खेळायचं कसं, बोलायचं कसं, यासाठी आईला बसायला जागा नाही. अंगणवाडी सुटल्यानंतरची दुपार मोकळी आहे. सहा वर्षांपुढची मुलं आहेत, आज्या आहेत, बाप आहेत. सेविकाताईंना विचारून वेळ ठरवा आणि खाऊ बंद करा. आमच्या सेविकाताई आता महिन्यातून एकदा वजनकाटा घेऊन केंद्रात येतात आणि आशाताई लसीकरणाची यादी आमच्या दारावर लावतात.

याच ओळखीचा एक फायदा सांगते. अडीच वर्षांचा एक मुलगा बोलत नव्हता. घरचे म्हणत, बापही उशिरा बोलला होता. आमच्या ताईने कौतुकाने त्याला चित्रं दाखवून शिकवायला घेतलं. असं करू नका. मूल बोलत नसेल, नजर देत नसेल, हाक मारल्यावर वळत नसेल, तर आधी कान तपासा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणीला येतं आणि तिथून मुलाला जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवता येतं. तिथली तपासणी आणि उपचार मोफत असतात. सेविकाताईंनी नाव यादीत घातलं, त्याच्या आजीला बरोबर घेऊन आम्ही गेलो. मुलाला ऐकू कमी येत होतं. अशा वेळी आपली माया मुलाचा वेळ खाते.

कागदांच्या ढिगात बुडणं

जन्मदाखला, आधार, शाळाप्रवेश, बालसंगोपन योजनेचा अर्ज. वस्तीतला विश्वास खरंतर इथून सुरू होतो. ज्या आईचा दाखला तुम्ही मिळवून दिलात ती तुमचं ऐकते. त्यामुळे हे काम टाळू नका. पण रोज केलंत तर सहा महिन्यांत तुमचं सेतू केंद्र होतं, सतरंजी गुंडाळली जाते आणि ताई दिवसभर झेरॉक्स काढत बसते. आम्ही मंगळवार कागदांचा ठरवला. इतर दिवशी कुणी फाइल घेऊन आलं तर नाव लिहून घेतो, चहा देतो आणि मंगळवारी बोलावतो. गरोदर बाईला मात्र पहिल्याच भेटीत सांगतो की बाळाच्या जन्माची नोंद २१ दिवसांत करायची. ते दिवस चुकले की हेलपाटे वाढतात.

"कुणाला सांगणार नाही" असा शब्द देणं

हे मी सगळ्यात कळकळीने लिहिते आहे. मूल किंवा आई जवळ येऊन म्हणते, "ताई, कुणाला सांगणार नसाल तर एक सांगते." आपल्या तोंडून चटकन "नाही सांगणार" निघून जातं. तो शब्द देऊ नका. १८ वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं किंवा तशी भीती वाटली, तरी पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं २०१२ च्या पॉक्सो कायद्याने प्रत्येकावर बंधनकारक आहे. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते आणि आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत. तुम्ही शब्द दिलात की एकतर कायदा मोडता, नाहीतर ज्या मुलीने विश्वास टाकला तिचा विश्वास.

आम्ही एक वाक्य सगळ्या ताई-दादांकडून पाठ करून घेतलं आहे: "तू सांगितलेलं मी गल्लीत बोलणार नाही, पण तुला कुणी त्रास देत असेल तर तो थांबवायला मला मदत घ्यावी लागेल, आणि ती घेताना मी तुझ्याबरोबर असेन." हे आधी म्हणायचं, मग ऐकायचं. मुलाला पुन्हा पुन्हा विचारून सगळं वदवून घ्यायचं नाही, आरोप असलेल्याला बोलावून शहानिशा करायची नाही. १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर भिंतीवर मुलांच्या उंचीला लिहा. आमच्याकडे तो आधी मोठ्यांच्या उंचीला होता.

मारहाण होणाऱ्या बाईच्या बाबतीतही तसंच. नवऱ्याला बोलावून समेट घडवायचा मोह आवरा. त्या रात्री घरी काय होतं ते तुम्हाला दिसत नाही. १८१ या महिला मदत क्रमांकावर फोन, सखी वन स्टॉप सेंटर हे सरकारी मदत केंद्र, घरगुती हिंसाचारात मदत करणारे संरक्षण अधिकारी, हे रस्ते तिला सांगा आणि कुठला धरायचा ते तिला ठरवू द्या.

आणि फोटो. देणगीदार फोटो मागतात, आपण व्हॉट्सॲप स्टेटसला टाकतो. नवऱ्यापासून लपून राहणारी एक आई अशाच एका फोटोमुळे ओळखली गेली. आता आम्ही हातांचे, चित्रांचे, सतरंजीवरच्या देठांचे फोटो पाठवतो. देणगी त्याने कमी झालेली नाही.

बाप येत नाहीत, असं म्हणून सोडून देणं

"पालक मेळावा" म्हटलं की बाप आईला पाठवतो. त्याला काम द्या. आमच्या खेळण्यांचं लाकडी कपाट एका रंगकाम करणाऱ्या दादाने रविवारी बसून रंगवलं. त्याची मुलगी ब्रश धरून शेजारी होती आणि त्या दुपारी तो तिच्याशी जेवढं बोलला तेवढं आठवड्यात बोलत नसेल. सायकल दुरुस्ती, पतंग, दिवाळीचा किल्ला, यांना बाप येतात. रविवारी या, पण रविवारीसुद्धा दारू पिऊन आलात तर आत नाही, एवढं एकदाच स्पष्ट सांगायचं.

असं झालं तर काय?

मे महिन्यात आणि दिवाळीत केंद्र ओस पडतं. घाबरू नका, माणसं गावी गेलेली असतात. जूनमध्ये दप्तर-वह्यांच्या गडबडीनंतर परत येतात. खोलीच्या रंगकामाचं, हिशेबाचं काम तेव्हा उरका.

बायका येतात पण गप्प बसतात: तुम्ही खुर्चीवर आणि त्या खाली, असं आहे का ते आधी बघा. भाषाही बघा. आमच्याकडे कन्नड आणि वडारी बोलणारी घरं आहेत. घरात मराठीच बोला असं आम्ही कधीकाळी सांगत होतो, ते थांबवलं. आई तिच्या भाषेत गोष्ट सांगते तेव्हा तिचं तोंड थांबत नाही.

खेळणी घरी दिली की परत येत नाहीत. काही येणार नाहीत, ते धरूनच चाला. फुटलेल्या खेळण्याचे पैसे मागू नका, नाहीतर आई खेळणं पोराच्या हाती न देता कपाटावर ठेवते.

संस्थेची नोंदणी पहिल्याच महिन्यात करायची घाई नको. आधी एखाद्या नोंदणीकृत महिला मंडळाच्या छायेत वर्षभर चालवून बघा. संस्था सोसायटी म्हणून नोंदवायला किमान सात सभासद लागतात, आणि आपल्या राज्यात ती सार्वजनिक न्यास कायद्याखालीही नोंदवावी लागते. नंतर विश्वस्त बदलला तर ९० दिवसांत बदल अर्ज धर्मादाय कार्यालयात द्यायचा असतो. तो राहून गेल्यामुळे बँक खातं अडकलेल्या संस्था मी पाहिल्या आहेत. त्या सातांमध्ये वस्तीतल्या निदान तिघी असू द्या, नुसत्या सहीपुरत्या नाही.

कारण शेवटी सगळं एका ताईवर उभं राहतं. ती आजारी पडली की कुलूप, तिचं लग्न झालं की कुलूप. आमच्या खोलीची दुसरी किल्ली आता मेथीवाल्या आजींकडे असते. दुपारी आम्ही रिक्षातून उतरतो तेव्हा दार उघडलेलं असतं, सतरंजी अंथरलेली असते आणि परात मधोमध ठेवलेली असते.