धान रोवून झालं, आता बांधीत उतरा: सारसाचं घरटं, मावा-तुडतुडा आणि कराराचा कागद

(वैनगंगा-बाघ खोऱ्यातील धान उत्पादकांसाठी, ऑगस्ट ते कापणी)

रोवणी आटोपली की आपल्याकडे बहुतेक जण धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) उभं राहून धान बघतात आणि घरी जातात. या एका सवयीनं हातातलं पीक गेलेलं मी कितीदा तरी पाहिलं आहे. मावा-तुडतुडा ही रस शोषणारी कीड धानाच्या बुडख्याशी, म्हणजे खोडाच्या तळाशी, बसते. खेकड्याचं बीळ धुऱ्याच्या आतल्या अंगाला असतं. आणि सारस बांधीच्या (धानाच्या वाफ्याच्या) मधोमध घरटं करून अंड्यांवर मान खाली घालून बसतो. यातलं काहीच धुऱ्यावरून दिसत नाही. म्हणून आठवड्यातून दोनदा चिखलात पाय घाला. या हंगामात दुसरं काही जमलं नाही तरी एवढं कराच.

महाराष्ट्रात सारस आता जवळजवळ गोंदिया जिल्ह्यापुरताच उरला आहे, थोडे भंडाऱ्याकडे आणि नदीपलीकडे बालाघाटात. गोंदियातली संख्या पन्नासच्या आत. परसवाडा, झिलमिलीसारखे तलाव त्याचे खरे, पण पावसाळ्यात जोडी तलावाची हद्द बघत नाही, पाणी आणि आडोसा बघते. ही दोन्ही आपल्या बांधीत असतात. म्हणजे हा पक्षी राहणार की जाणार, हे बऱ्याच अंशी खाजगी सातबाऱ्यावर ठरतं. गावोगावचे पक्षीप्रेमी आणि शेतकरी मिळून घरटी राखत आले, म्हणून तो इथं टिकला.

घरटं दिसलं तर त्याच दिवशी

साधारण दोन मीटर रुंदीचा काड्या-गवताचा ढीग, भोवती उपटलेलं धान आणि मोकळं पाणी. अंडी बहुधा दोन. नर-मादी आळीपाळीनं बसतात, महिनाभरात पिल्लं निघतात आणि एक-दोन दिवसांत आईबापामागं चालू लागतात. अडचण असते ती या एका महिन्याची.

जवळ जाऊ नका. किती अंतर ठेवायचं, तर माझा अंदाज असा: बसलेल्या पक्ष्यानं मान उंच करून तुमच्याकडे बघत ती तशीच ठेवली, की तुम्ही फार जवळ आलात. तिथून दहा पावलं मागं सरा आणि तिथंच खुणेची काडी रोवा. निंदण, खत, फवारणी सगळं त्या काडीच्या अलीकडे. मोबाइलवर फोटो टाकून गाव गोळा करू नका. सारसानं तुडवलं नसेल एवढं धान बघ्यांनी तुडवलेलं मी पाहिलं आहे.

पाण्याकडे मात्र रोज बघा. पाणी हळूहळू चढलं तर जोडी काड्या टाकून घरटं उंच करते. एका रात्रीत चढलं तर अंडी बुडतात. बांबूच्या काडीवर आजच्या पाण्याची खूण करून ठेवा. पावसाचा इशारा आला की वरच्या बांधीचं पाणी घरट्याच्या बांधीत न सोडता बाजूनं काढा, आणि जास्तीचं पाणी जायला धुऱ्याला तोंड आधीच ठेवा. तोंड नसलेला धुरा खेकड्याच्या बिळापाशी फुटतो, मग घरटंही जातं आणि टाकलेला युरियाही नाल्याला जातो. उलट पाणी पूर्ण काढलंत तर कुत्री नि कोल्हे चालत अंड्यांपर्यंत पोचतात. भोवतालचं पाणी हेच त्या घरट्याचं कुंपण आहे.

करार कशाचा आणि कुणाशी

घरटं दिसल्यावर गप्प बसणारे शेतकरी मी पाहिले आहेत, आणि त्यांची भीती खोटी नाही. वनखात्याला कळलं तर जमीन अडकेल, पुढच्या वर्षी पेरू देणार नाहीत, असं त्यांना वाटतं. ही भीती जगभर आहे. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनामध्ये एका दुर्मीळ सुतार पक्ष्यासाठी १९९५ मध्ये पहिल्यांदा जमीनमालकांशी असे ऐच्छिक करार झाले. तुम्ही अधिवास राखा, त्यामुळे पक्षी वाढले तरी तुमच्यावर नवे निर्बंध येणार नाहीत, ही हमी त्यात लेखी होती. कंबोडियात सारस आणि इतर पाणपक्षी राखणाऱ्या गावांच्या तांदळाला जास्त भाव मिळतो, तोही लेखी अटींवर. आपल्याच राज्यात, जाळ्यात अडकलेला संरक्षित प्राणी सोडायला जाळं कापणाऱ्या मच्छीमाराला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाईची योजना २०१८ पासून आहे. धानवाल्यानं मागायला लाजू नये.

तेव्हा तोंडी भरवशावर राहू नका. ग्रामपंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती, वनपरिक्षेत्र कार्यालय किंवा घरटी राखणारी स्थानिक संस्था, ज्यांच्याशी बोलणं होईल त्यांच्याशी एका हंगामाचा साधा कागद करा. त्यात गट क्रमांक आणि घरट्याभोवतीची जागा मोजून लिहा. तुम्ही काय करणार नाही (त्या जागेत फवारणी, निंदण, पाणी काढणं) आणि किती तारखेपर्यंत, ते लिहा. पिल्लं बांधीबाहेर पडली की अट संपते, हेही. समोरचा काय देणार ते त्याच्या सहीनं घ्या: रात्रीची राखण कोण करणार, कुत्री कोण हाकलणार, गेलेल्या धानाचे पैसे किती, कधी आणि कशाच्या मोजमापावर. सारस घरट्यासाठी धान उपटतो, दाणेही टिपतो, ते लपवून कुणाचं भलं होत नाही. आणि सातबाऱ्यावर कसलीही नोंद होणार नाही, पुढच्या हंगामाच्या पिकावर बंधन नाही, ही दोन वाक्यं नसतील तर सही करू नका.

करार ऐच्छिक आहे, कायदा नाही. करार असो वा नसो, सारसाची अंडी उचलणं किंवा घरटं मोडणं हा वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली गुन्हाच आहे.

मावा-तुडतुडा: आधी चूड मोजा, मग दुकान

खताच्या पोत्याबरोबर लिंकिंगमध्ये (हे घेतलं तरच ते मिळेल, या अटीवर) टॉनिकची बाटली आणि दाणेदार औषधाची पिशवी गळ्यात मारली जाते. घरात आली म्हणून ती बांधीत जाते, कीड असो वा नसो. रोवणीनंतर पहिल्या महिन्याभरात केलेली ही विनाकारण फवारणी कोळी आणि इतर मित्रकीटक मारते. पायरेथ्रॉइड गटाचं औषध असेल तर तुडतुडा पुढं दुप्पट जोरानं उसळतो, वर युरिया जास्त झाला असेल तर विचारूच नका. सप्टेंबर-ऑक्टोबरात बांधीत गोल जळालेले चट्टे दिसतात, तेव्हा औषध उपयोगाचं राहत नाही.

बांधीत उतरा, चूड (रोपाचा एक झुबका) हातानं बाजूला करा, बुडखा बघा. अशा वीस चुडी, बांधीच्या मधल्या भागातल्या. सरासरी दर चुडीला १० तुडतुडे भरले तरच रासायनिक फवारणी. चुडीत कोळी भरपूर दिसत असतील तर मी आणखी दोन-तीन दिवस थांबतो आणि पुन्हा मोजतो, हा माझा अनुभव, शिफारस नव्हे.

- मेटारायझियम ॲनिसोप्ली (कीड मारणारी जैविक बुरशी), हेक्टरी २.५ किलो, संध्याकाळी, हवेत ओल असताना
- चुडीला १० ही पातळी ओलांडल्यास: पायमेट्रोझिन ५० डब्ल्यूजी ६ ग्रॅम किंवा बुप्रोफेझिन २५ एससी १६ मिली, १० लिटर पाण्यात, दोन्ही एकत्र नाही
- फवारा बुडख्यावर, शेंड्यावर नाही
- घरट्याची बांधी सोडून इतर बांध्यांतलं पाणी ३-४ दिवस काढा

फोरेट ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंद आहे. जुनी पिशवी कुणी स्वस्तात देऊ केली तरी घेऊ नका. १९८० च्या दशकाच्या शेवटी भरतपूरला गव्हाच्या बियाण्याला लावलेल्या आल्ड्रिनमुळे सारस मेले होते. पक्षी मरतो त्याच पाण्यात आपल्या बायाबापड्या निंदायला उतरतात.

इतर कामं

- नत्र:स्फुरद:पालाश १००:५०:५० किलो प्रति हेक्टर. अर्धं नत्र रोवणीला, उरलेलं फुटव्याला आणि गर्भात (लोंबी पोटात असताना), निम्मं निम्मं
- खोडकिडा: ५ टक्के गाभेमर (मधला पोंगा सुकलेले फुटवे) किंवा चौरस मीटरला एक अंडीपुंज दिसल्यावरच औषध, त्याआधी ट्रायकोग्रामा जापोनिकम (किडीची अंडी नष्ट करणारा मित्रकीटक) हेक्टरी ५० हजार
- गादमाशी: ५ टक्के चंदेरी पोंगे (नळीसारखे पांढुरके फुटवे) दिसल्यावरच औषध
- पक्षीथांबे हेक्टरी २०-२५
- पाणी फुटव्यात ५ सेंमीपर्यंत, निसवताना (लोंब्या बाहेर पडताना) ५-१०, कापणीआधी १० दिवस बंद

तारेत करंट सोडू नका

धान निसवायला लागलं की रानडुकरांसाठी धुऱ्यावर तार ओढून वीज सोडणारे आहेत. ती तार डुक्कर, सारस, बैल आणि पहाटे पाणी बघायला आलेला शेजारी यांत फरक करत नाही. तुमच्या धुऱ्याला लागून अशी तार दिसली तर भांडण नको म्हणून गप्प राहू नका, त्याच दिवशी महावितरण आणि पोलीस पाटलाला सांगा. वरून जाणारी वीजवाहिनी झोल खाऊन खाली आली असेल तर तिचाही अर्ज आताच द्या. अशा तारांना धडकून सारस मरतात, आणि धानाला पाणी लावताना उंच बांबू खांद्यावर असलेला माणूसही.

कापणी

पिल्लाला उडायला जवळपास तीन महिने लागतात. ऑगस्टच्या शेवटी निघालेलं पिल्लू हलक्या धानाच्या कापणीच्या वेळी बांधीत पायीच फिरत असतं. हार्वेस्टर चारही कडांनी गोल फिरवत आत नेलं की ते मधल्या उभ्या धानात कोंडतं. यंत्र एका बाजूनं सुरू करा आणि बोडीच्या (शेततळ्याच्या) किंवा नाल्याच्या दिशेची बाजू शेवटपर्यंत मोकळी ठेवा. सुरू करण्याआधी दोघांनी बांधी आडवी चालून काढा. चालकाला घाई असते आणि भाडं तासावर असतं, म्हणून हे आदल्या संध्याकाळी करून ठेवा.