घरी मास्टर सिलिंडरची हवा काढण्याआधी

मास्टर सिलिंडर म्हणजे पेडल दाबलं की ऑइल चाकांकडे ढकलणारा ब्रेकचा पंप. तो नवा बसवला की त्यातली आणि पाइपांतली हवा काढावी लागते. आधी माणसं ठरवा, हत्यारं नंतर. तीन माणसं लागतात: एक पेडलवर, एक चाकाच्या निपलपाशी (हवा सोडायचा छोटा स्क्रू) आणि एक बॉनेटपाशी, ब्रेक ऑइलच्या टाकीवर डोळा ठेवून. गेल्या खेपेला इंदूरच्या राजेंद्रनगरला, आमच्या अंगणात आम्ही दोघंच होतो. बाबा पेडलवर, मी खाली. तीन चाकं झाली आणि चौथ्याला पेडल एकदम सैल पडून थेट तळाला टेकलं. बॉनेटपाशी जाऊन पाहतो तर टाकी कोरडी. सिलिंडरने पुन्हा हवा ओढली होती. सकाळपासूनचं सगळं पाण्यात, सिलिंडर उतरवून पुन्हा पहिल्यापासून. तिसरा माणूस मिळत नसेल तर काम पुढच्या रविवारवर ढकला.

जॅक, स्टँड, चाकांना विटा, हे सांगायला नकोच. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली मात्र शिरू नका. पाइपांच्या नटांना फ्लेअर नटचाच पान्हा हवा, नटाला जवळजवळ चहूबाजूंनी धरणारा. साध्या पान्ह्याने त्या मऊ नटाचे कोपरे गोल होतात आणि मग पाइपच बदलावा लागतो.

ऑइल डॉट ३ की डॉट ४ (ब्रेक ऑइलचे दर्जे), ते टाकीच्या झाकणावर लिहिलेलं असतं. तेच घ्या, सीलबंद घ्या आणि अर्ध्या लिटरच्या दोन बाटल्या घ्या. मागच्या वर्षी फोडलेली बाटली वापरू नका. हे ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट ४ कोरडं असताना निदान २३० अंशांपर्यंत उकळू नये असा नियम आहे, ओल शिरली की तीच मर्यादा १५५ वर येते. इंदूरजवळचा भेरू घाट उतरताना ब्रेक तापतात. तिथे ऑइल उकळलं की पाइपात वाफ होते आणि पाय दाबत राहतो, गाडी थांबत नाही. इंजिन ऑइलचा थेंबही आत जाऊ देऊ नका, रबरी सील फुगतात. आणि ब्रेक ऑइल रंगावर सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा, नाहीतर रंग उचकटतो.

नवा सिलिंडर गाडीवर चढवण्याआधी टेबलावरच त्याची हवा काढायची. व्हाइसमध्ये (टेबलाच्या पकडीत) सिलिंडर त्याच्या बोल्टच्या कानाला धरा, अंगाला धरलं तर आतलं भोक दबतं. सिलिंडर समतल हवा. दोन्ही तोंडांना नळ्या लावून त्यांची टोकं टाकीतल्या ऑइलमध्ये बुडवा. बुडलेलीच राहिली पाहिजेत. मग स्टार स्क्रूड्रायव्हरने पिस्टन हळू दाबायचा, हळूच सोडायचा, दोन क्षण थांबायचं. आधी बोराएवढे बुडबुडे येतात, मग साबुदाण्याएवढे, मग मोहरीसारखी एखादी रांग. ती रांगही थांबेपर्यंत हात थांबवायचा नाही. वीस मिनिटं सहज जातात. घाई केलीत तर हवा बारीक होऊन ऑइलमध्येच फिरत राहते. आणि इथेही टाकीतली पातळी बघत राहायचं.

बसवताना पाइपांचे नट किंचित सैल ठेवा, खाली चिंध्या धरा, कुणाला तरी पेडल हलकेच दाबायला सांगा, दाबलेलं असतानाच नट आवळा. सिलिंडर जुनाच ठेवला असेल तर पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा. जुन्या सिलिंडरमध्ये पिस्टन रोज जिथवर जातो त्यापुढे गंज असतो आणि तळापर्यंत दाबलं की सील फाटतात.

आता चाकं. क्रम तुमच्या गाडीच्या पुस्तकात बघा, सगळ्या गाड्यांचा सारखा नसतो. पेडल दाबा, निपल सोडा, निपल बंद करा, मगच पाय उचला. हे तीनदा बोलून घ्या, कारण उलट झालं की हवा आत. दर पाच वेळा दाबल्यावर टाकी. प्रत्येक चाक झालं की टाकी. टाकीपाशी उभा असलेला माणूस 'भर' म्हणाला की दोघांनीही हात थांबवायचे. तो चहा करायला गेला तरी थांबायचं.

एबीएसची (चाक जाम होऊ न देणाऱ्या इलेक्ट्रॉनिक ब्रेकची) गाडी असेल तर हा उद्योग घरी करू नका, काहींना एबीएसचा पंप चालवायला गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचा स्कॅनर लागतो.

शेवटी इंजिन चालू करून पेडल मिनिटभर दाबून धरा, खाली उतरत गेलं तर कुठे गळतंय ते शोधा. सगळे निपल पुसून कोरडे आहेत का बघा. टाकी वरच्या रेषेपर्यंत भरा आणि झाकण लावा. मग गल्लीतच हळू चालवा, हँडब्रेकवर हात ठेवून.