उमेदवाराची भूमिका कशी तपासावी: नागपूरच्या मतदारासाठी घरे, शहरवाढ आणि नागरी सेवांबाबतचे मार्गदर्शन

मनपाच्या निवडणुकीत उमेदवार दारी आला की आपण बहुधा दोनच गोष्टी बोलतो, समोरचा रस्ता आणि तुंबलेली गडर लाइन (सांडपाण्याची वाहिनी). दोन्ही तक्रारी खऱ्या असतात, परंतु त्यांवर मिळणारे उत्तरही ठरलेले असते: "करून देऊ." 2017 च्या निवडणुकीत मी आमच्या दक्षिण नागपुरातील लेआउटमध्ये आलेल्या चार उमेदवारांना एकच प्रश्न विचारला होता, "भाऊ, आमच्या प्लॉटचे आरएल केव्हा होईल?" चौघांनीही सहा महिन्यांचा शब्द दिला. आरएल, म्हणजे प्लॉटच्या नियमितीकरणाचे पत्र, हे काम मनपाकडे नव्हतेच, नागपूर सुधार प्रन्यासाकडे (नासुप्र) होते. ही गोष्ट मला निवडणुकीनंतर, एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर फिरताना कळली. जानेवारी 2026 च्या निवडणुकीत मी आधी तयारी केली आणि मगच प्रश्न विचारले. त्या तयारीची रीत पुढे सांगतो.

प्रश्न कोणाच्या अखत्यारीतला, हे आधी ठरवावे

एका वहीत आपल्या मोहल्ल्याचे पाच-सहा प्रश्न लिहावेत आणि प्रत्येकासमोर तो कोणत्या कार्यालयाच्या हाती आहे हे नोंदवावे. नागपुरात ही नोंद इतर शहरांपेक्षा अधिक महत्त्वाची ठरते, कारण येथे नियोजनाचे काम एका दारात होत नाही. 1936 च्या कायद्याने स्थापन झालेली नासुप्र अनेक लेआउट, मोकळ्या जागा आणि भूखंड सांभाळत आली आहे, शहराच्या हद्दीबाहेरील पट्ट्यासाठी महानगर प्रदेश विकास प्राधिकरण आहे, आणि रस्त्यांपैकी काही मनपाचे, काही सार्वजनिक बांधकाम विभागाचे, तर काही राष्ट्रीय महामार्गाचे आहेत. मेट्रो महामेट्रोची, वीज महावितरणची, आणि मेडिकल व मेयो ही दोन्ही मोठी रुग्णालये राज्य शासनाची. उमेदवार "मेडिकलमध्ये खाटा वाढवीन" असे म्हणत असेल, तर त्याचा हेतू चांगला असला तरी ते आश्वासन मनपाच्या सभागृहात पूर्ण होणारे नाही.

याचा अर्थ असे विषय काढूच नयेत असा नाही. नासुप्रच्या विश्वस्त मंडळात मनपाचे प्रतिनिधी असतात आणि सर्वसाधारण सभा ठराव करून शासनाकडे पाठवू शकते. म्हणून प्रश्न बदलावा (पुढील प्रश्नातील "1900 लेआउट" हे शहरातील अनधिकृत लेआउटांच्या एका गटाचे प्रचलित नाव आहे). "आरएल कधी होणार?" असे न विचारता, "1900 लेआउटमधील प्रलंबित प्रकरणांसाठी आपण सभेत कोणता ठराव मांडणार आणि नासुप्रकडे त्याचा पाठपुरावा कसा करणार?" असे विचारावे. नासुप्र बरखास्त करण्याचा निर्णय एकदा झाला होता आणि पुढे तो फिरला. ती राहावी की मनपात विलीन व्हावी, यावरील उमेदवाराचे मत आणि त्यामागील कारण जरूर ऐकावे. ज्याने या शहरातील नियोजनाचा थोडा जरी अभ्यास केला आहे, तो या प्रश्नावर दोन मिनिटे तरी नीट बोलू शकतो.

घरांविषयी

नागपुरात चारशेहून अधिक झोपडपट्ट्या आहेत, आणि प्रत्येक निवडणुकीत "मालकी पट्टे देऊ" ही घोषणा ऐकू येते. येथे जमीन कोणाची हा पहिला प्रश्न. मनपाच्या जागेवरील वस्तीचा पट्टा मनपा देते, नासुप्रच्या जागेवरील नासुप्र, नझूल, म्हणजे शासनाच्या मालकीच्या, जमिनीवरील जिल्हाधिकारी कार्यालय. रेल्वेच्या जमिनीचा विषय केंद्राकडे जातो, आणि खासगी जमिनीवरील वस्तीचा प्रश्न सर्वांत गुंतागुंतीचा असतो. सरसकट पट्टे देण्याचे बोलणाऱ्या उमेदवाराला आपल्या वस्तीचे नाव घेऊन विचारावे की तेथील जमीन कोणाच्या नावावर आहे, मोजणी झाली आहे का, आणि किती कुटुंबांची कागदपत्रे अपुरी आहेत. उत्तर येत नसेल तर त्याने माहिती घेऊन परत यावे, असे नम्रपणे सांगावे. माझ्या अनुभवात दोन उमेदवार खरोखर परत आले, आणि त्यांच्याविषयी माझे मत तेथेच बदलले.

पट्टा मिळाल्यावर पुढचा टप्पा घरबांधणीचा. प्रधानमंत्री आवास योजनेत स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्या पात्र लाभार्थ्याला केंद्राचे दीड लाख आणि राज्याचे एक लाख असे अडीच लाख रुपयांचे साहाय्य मिळते, परंतु जागेचा हक्क कागदोपत्री नसेल तर अर्जच अडतो. त्यामुळे पट्टे आणि घरकुल हे दोन विषय उमेदवार वेगवेगळे मांडतो की एकमेकांना जोडून, याकडे लक्ष द्यावे.

ज्यांचे प्लॉट गुंठेवारीचे, म्हणजे जमिनीचे विनापरवानगी तुकडे पाडून विकलेले, आहेत त्यांनी 2001 चा गुंठेवारी कायदा आणि 2021 ची दुरुस्ती एवढे तरी माहीत करून घ्यावे. या दुरुस्तीने 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या प्लॉटना नियमितीकरणाची वाट मोकळी केली. नियमितीकरणासाठी घेतलेले विकास शुल्क त्याच लेआउटच्या रस्ते, नळ आणि गडर लाइनवर खर्च होणार का, हा प्रश्न मी सर्वांत मोलाचा मानतो. आमच्याकडे शुल्क भरूनही अनेक वर्षे पावसाळ्यात चिखलातून जावे लागले, आणि त्या पैशाचा हिशेब कोणत्याही उमेदवाराने आपणहून मांडला नाही.

शहराच्या वाढीविषयी

"विकास" हा शब्द सर्वच उमेदवार वापरतात, म्हणून त्याऐवजी जागेची भाषा वापरावी. आपल्या प्रभागात सार्वजनिक उपयोगाच्या किती जागा आहेत, विकास आराखड्यात शाळा, मैदान, बाजार किंवा दवाखान्यासाठी कोणते भूखंड आरक्षित आहेत, आणि आज तेथे काय उभे आहे, हे पायी फिरून पाहावे. त्यानंतर उमेदवाराला एक कायदेशीर मुदत आठवून द्यावी. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 127 नुसार आरक्षित जमीन 10 वर्षांत संपादित झाली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतर 24 महिन्यांत पावले उचलली गेली नाहीत तर आरक्षणच संपुष्टात येते. मैदानासाठी राखलेली जागा अशा रीतीने हातची गेली की पुन्हा मिळत नाही. माझ्या मते सभागृहातल्या पाच वर्षांत नगरसेवकाने जपण्यासारखी याहून मोठी गोष्ट क्वचितच असेल, आणि तरीही प्रचारात तिचा उल्लेख ऐकू येत नाही. "प्रभागातील कोणत्या आरक्षणांवर नोटिसा आल्या आहेत आणि त्यांच्या संपादनासाठी अंदाजपत्रकात तरतूद मागणार का?" एवढे एक वाक्य पाठ करून ठेवावे.

दुसरा विषय उंच इमारतींचा. मेट्रो मार्गाच्या दोन्ही बाजूंना 500 मीटरच्या पट्ट्यात जादा एफएसआय (भूखंडाच्या प्रमाणात करता येणारे बांधकाम) मिळतो, आणि 2020 च्या एकत्रीकृत बांधकाम नियमावलीने इतरत्रही टीडीआर (दुसऱ्या जागेचा हस्तांतरित बांधकाम हक्क) व प्रीमियम (शुल्क भरून जादा बांधकाम) यांचे मार्ग खुले केले आहेत. जेथे दोन मजली घर होते तेथे दहा मजली इमारत उभी राहिली की पाण्याची मागणी, गडर लाइनवरचा भार आणि रस्त्यावरच्या गाड्या, सर्वच वाढते. हे नियम राज्य शासन करते, त्यामुळे "बांधकाम थांबवीन" हे उत्तर पुरेसे नाही. जुन्या लाइनची क्षमता वाढवण्याचे काम आधी व्हावे यासाठी काय करणार, हे विचारावे.

तिसरा विषय नाल्यांचा. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे काही तासांत 100 मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी येथील घरांत पाणी शिरले. लोकांनी आयुष्यभर जमवलेले सामान तळमजल्यावरच वाहून गेले. नाग, पिवळी आणि पोरा या नद्यांच्या काठी राहणाऱ्या प्रत्येकाने उमेदवाराला प्रत्यक्ष नाल्यावर नेऊन उभे करावे. भिंत कोठे खचली, पात्र कोठे अरुंद झाले आणि कोणते बांधकाम प्रवाहात आले, हे तेथेच दाखवावे. पात्रातील अतिक्रमण त्याच्या ओळखीच्या माणसाचे असेल तर तो काय भूमिका घेईल, हे सर्वांसमोर विचारणे अवघड वाटते, तरी विचारावे.

सेवांविषयी

पाण्यासाठी शहर प्रामुख्याने पेंच प्रकल्पावर आणि कन्हान नदीवर अवलंबून आहे. चोवीस तास पाण्याची योजना आली, वितरणाचे काम ऑरेंज सिटी वॉटरकडे गेले, तरी हद्दीलगतच्या काही वस्त्यांना टँकरची वाट पाहावी लागते. आपल्या गल्लीत पाणी किती वाजता येते, किती वेळ टिकते आणि बिल किती येते, याची पंधरा दिवसांची नोंद हातात असली की चर्चा हवेत जात नाही. कचऱ्यासाठी भांडेवाडीच्या कचरा डेपोचा विषय केवळ पूर्व नागपूरच्या लोकांनी विचारावा असे नाही, कारण तेथे जाणारा कचरा आपल्या सर्वांच्या घरचा आहे. मनपाच्या शाळा, पाचपावलीचे सूतिकागृह, झोनमधील दवाखाने आणि "आपली बस" ही शहर बससेवा ही मनपाची स्वतःची कामे आहेत, त्यामुळे येथे सबबीला जागा नाही.

उत्तर कसे घ्यावे आणि कसे जपावे

शहरातील 151 जागा 38 प्रभागांत विभागलेल्या असून एक प्रभाग वगळता सर्व चार सदस्यांचे आहेत. 2011 च्या जनगणनेने धरली तरी एका प्रभागाची सरासरी लोकसंख्या 60 हजारांहून अधिक भरते. चार जण निवडून आले की काम कोणाचे हा प्रश्न उरतो. म्हणून एका पक्षाच्या चारही उमेदवारांना शक्यतो एकत्र बोलवावे आणि कोण कोणता विषय पाहणार हे सर्वांदेखत ठरवून घ्यावे. बैठक मंदिराच्या सभागृहात किंवा समाजभवनात ठेवावी, त्यातही महिलांना सोयीची वेळ निवडावी. पाण्याची आणि कचऱ्याची खरी माहिती बहुतेक घरांत त्यांच्याकडेच असते.

उमेदवाराचे शपथपत्र अवश्य वाचावे. गुन्ह्यांची नोंद सर्वच पाहतात, मी मालमत्तेचे पान अधिक काळजीपूर्वक पाहतो. ज्याचे अनेक भूखंड आहेत किंवा जो बांधकाम व्यवसायात आहे तो अपात्र ठरत नाही, परंतु आरक्षण, एफएसआय आणि लेआउट या विषयांवर त्याचे हित कोठे आहे हे आपल्याला माहीत असलेले बरे. पूर्वी नगरसेवक राहिलेला उमेदवार असेल, तर त्याने सभेत कोणते प्रश्न मांडले हे इतिवृत्तातून समजते. इतिवृत्त सहज मिळत नसेल तर माहितीच्या अधिकारात 10 रुपयांच्या शुल्कासह अर्ज करावा, त्यात एकच विषय घ्यावा आणि तो 150 शब्दांत बसवावा. उत्तराला 30 दिवस लागू शकतात, म्हणून अर्ज निवडणूक जाहीर होण्याआधीच झालेला बरा.

प्रत्येक आश्वासनासमोर तीन गोष्टी लिहून घ्याव्यात: कोणते लेखाशीर्ष (अंदाजपत्रकातील खर्चाची नोंद), कोणती समिती, कोणते आर्थिक वर्ष. वही बैठकीतच मोठ्याने वाचून दाखवावी आणि उमेदवाराची सही मागावी. काही जण सही देत नाहीत, तर तसेही नोंदवावे. मतदानाच्या दिवशी अ, ब, क आणि ड या प्रत्येक जागेसाठी स्वतंत्र मत द्यायचे असते, त्यामुळे चारही जागांचा निर्णय घरूनच करून जावा. आमच्या लेआउटमध्ये ती वही आता एका शेजारच्या काकूंकडे आहे, आणि आयुक्तांचे अंदाजपत्रक स्थायी समितीकडे गेले की आम्ही चार-पाच घरचे लोक ती उघडून ओळ न् ओळ ताडून पाहतो.