जुन्या दगडी पुलावर सेन्सर बसवताना

महाडजवळ सावित्री नदीवर असलेला ब्रिटिशकालीन दगडी कमानींचा पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात कोसळला आणि एस. टी.च्या दोन गाड्यांसह त्यावरून जाणारी वाहने नदीत वाहून गेली. अंधारात, मुसळधार पावसात, पुढचा रस्ता नाहीसा झाला आहे हे चालकांना कळण्याचा कोणताही मार्ग नव्हता. असे जुने पूल राज्यात आजही वापरात आहेत. त्यांपैकी एखाद्या पुलावर देखरेख यंत्रणा बसवण्याचे काम ज्या उपअभियंत्याकडे किंवा नगरपरिषदेच्या अभियंत्याकडे येईल, त्याच्यासाठी हे मार्गदर्शन आहे.

उपकरणांची दरपत्रके मागवण्यापूर्वी हा पूल नेमका कशामुळे पडू शकतो, हे ठरवावे. त्यासाठी मे महिन्यात, पाणी सर्वांत कमी असताना, नदीपात्रात उतरून प्रत्येक खांब पायापर्यंत पाहावा. दगडांमधला चुना कुठे निघून गेला आहे, वडा-पिंपळाची मुळे कोणत्या सांध्यात शिरली आहेत, वाळूउपशामुळे पात्र खाली जाऊन पाया उघडा पडला आहे का, याची छायाचित्रांसह नोंद करावी. झाडे काढणे आणि सांधे भरणे ही कामे कोणत्याही सेन्सरची वाट न पाहता लगेच हाती घ्यावीत. मुळे वाढत असल्याचे दाखवणारे उपकरण विकत घेण्यापेक्षा ती मुळे कापणे केव्हाही स्वस्त पडते.

नदीवरील जुन्या पुलांच्या बाबतीत सर्वांत मोठा धोका बहुधा पायाजवळच्या तळाची धूप हा असतो, आणि तोच नेमका डोळ्यांना दिसत नाही. पुराचे पाणी खांबावर आदळून खाली वळते, भोवऱ्याने तळाची वाळू आणि माती उचलून नेते, आणि पूर ऐन भरात असताना खांबाभोवती खड्डा पडतो. पाणी ओसरू लागले की वरून आलेला गाळ त्याच खड्ड्यात बसतो. त्यामुळे पुरानंतर पाहणीला गेलेल्या अभियंत्याला पात्र पूर्ववत दिसते आणि अहवालात ‘पाया सुस्थितीत’ असे लिहिले जाते, पण तो भुसभुशीत गाळ पुढच्या पुरात आधार देत नाही. म्हणूनच मोजणी पूर चालू असतानाच व्हावी लागते, आणि त्या वेळी तिथे माणूस उतरू शकत नाही. तंत्रज्ञानाची खरी गरज इथे आहे.

पाण्याची पातळी मोजण्यासाठी पुलाच्या कठड्याबाहेर रडार पद्धतीचा सेन्सर टांगावा. तो पाण्याला स्पर्श करत नसल्याने वाहत आलेल्या ओंडक्यांनी तुटण्याची भीती कमी असते. तळाची खोली मोजणारे ध्वनिलहरींचे यंत्र खांबाला लावता येते, मात्र गढूळ पाण्यात आणि कचऱ्यात त्याचे आकडे चुकू शकतात. त्यामुळे त्याच खांबाच्या माथ्यावर कल मोजणारे यंत्रही बसवावे, म्हणजे दोन्हींची साक्ष जुळते का, हे पाहता येईल. भेगांवर मापक लावल्यास शेजारी तापमान मोजण्याची सोय असलीच पाहिजे, कारण दगडी बांधकामातील भेग उन्हाने आणि थंडीने रोज थोडी उघडते आणि मिटते. निदान एक वर्षाच्या नोंदी हाताशी असल्याशिवाय भेग खरोखर वाढते आहे की नाही, हे सांगणे घाईचे ठरेल. पाण्याच्या पातळीसाठी मात्र वर्षभर थांबू नये. मागच्या पुरांच्या खुणा पाहून इशाऱ्याची आणि वाहतूक बंद करण्याची, अशा दोन पातळ्या आधीच ठरवाव्यात आणि त्या खांबावर ठळक रंगवून घ्याव्यात.

जेव्हा यंत्रणेची सर्वाधिक गरज असते, त्याच रात्री वीज आणि मोबाइलचे नेटवर्क जाते, हे गृहीत धरूनच रचना करावी. सौर पॅनेलसोबतची बॅटरी कोकणातल्या सलग ढगाळ दिवसांचा विचार करून निवडावी. ठरलेल्या वेळी सेन्सरकडून नोंद आली नाही, तर तोही धोक्याचा इशारा समजावा.

आता सर्वांत महत्त्वाचा भाग. मिळालेला इशारा कोणाकडे जाणार आणि पूल बंद करण्याचा अधिकार त्या क्षणी कोणाला असणार, हे लेखी ठरलेले नसेल तर सगळा खर्च वाया जातो. कोकण रेल्वेने काळ, सावित्री आणि वाशिष्ठी या नद्यांवरील पुलांवर पाणी धोक्याच्या पातळीवर जाताच अधिकाऱ्यांना कळवणारी यंत्रणा बसवली आहे, पण रेल्वेला सिग्नल देऊन गाडी थांबवता येते. रस्त्यावरचा प्रत्येक चालक स्वतंत्र असतो. म्हणून पुलाच्या दोन्ही टोकांना लाल दिवा, भोंगा आणि आडवा पडणारा अडसर असावा, तो पाण्याच्या सेन्सरला थेट तारेने जोडलेला असावा आणि वरून आदेश येण्याची वाट न पाहता चालावा. जिल्हाधिकारी हे जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात. त्यांच्याकडून पावसाळ्यापूर्वीच स्थायी आदेश घ्यावा आणि त्यात शाखा अभियंता, पोलीस ठाणे, तहसील कार्यालय आणि एस. टी. आगार यांची कामे नेमून द्यावीत.

निविदेत किमान पाच वर्षांची देखभाल आणि नोंदींची मालकी या दोन अटी स्पष्ट लिहाव्यात. सेन्सरवर कोळ्याचे जाळे धरते, पक्षी घरटे करतात, बॅटऱ्या चोरीला जातात. हे सर्व प्रथम दिसते ते रोज त्या रस्त्यावर असणाऱ्या मैलकुलीला, म्हणजे रस्त्याची देखभाल करणाऱ्या कामगाराला. त्यामुळे त्याला यंत्रणेची ओळख करून द्यावी आणि त्याच्या तोंडी तक्रारीचीही नोंदवहीत तारीख टाकावी. दर मे महिन्याच्या अखेरीस, रात्रीच्या वेळी, सेन्सरला कृत्रिम संकेत देऊन अडसर खाली येतो का आणि पहिला माणूस किती मिनिटांत पुलावर पोहोचतो, हे घड्याळ लावून मोजावे.